बिल फाटले स्वल्पविरामावर, भांडण होते नामाचे

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या पोर्टलंड शहरात ओकहर्स्ट ही जुनी डेअरी आहे. तिचे दूध दुकानादुकानांत पोहोचवणारे ट्रकचालक २०१४ मध्ये कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही आठवड्याला ४० तासांहून जास्त राबलो, तर वरच्या तासांचे पैसे द्या. मेनच्या कायद्यात ४० तासांपुढच्या कामाला दीडपट मजुरी आहे. कंपनीने उत्तर दिले की त्याच कायद्याने काही कामे ओव्हरटाइममधून वगळली आहेत आणि तुमचे काम त्यात मोडते. कंपनीने पगार चुकवला, हजेरी खोटी लावली असला काही आरोप नव्हता. कोण किती तास गाडी चालवत होता, यावरही खरी मारामारी नव्हती. सगळा वाद कायद्यातल्या एका ओळीवर होता.

हा खटला जगभर ‘स्वल्पविरामाचा खटला’ म्हणून गाजला. वर्तमानपत्रांनी मथळे केले, विरामचिन्हांच्या शौकिनांनी जल्लोष केला. मी भाषांतर शिकवतो आणि माझ्या वर्गात हा खटला दरवर्षी येतो, पण विरामचिन्हांच्या तासाला नाही. तो नाम आणि नामसमूह शिकवताना येतो. स्वल्पविराम तिथे नव्हता हे खरे. पण त्याच्या नसण्याने लाखो डॉलरचा घोळ झाला तो एका नामाला दोन घरे मिळत होती म्हणून. ते नाम म्हणजे ‘डिस्ट्रिब्यूशन’.

ओळ अशी होती. ओव्हरटाइमची तरतूद पुढील कामांना लागू नाही:

‘द कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्रायिंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ’

आणि त्यापुढे तीन गोष्टींची यादी: शेतमाल, मांस व मासळीचे पदार्थ, नाशवंत खाद्यपदार्थ. दूध नाशवंत, त्यामुळे यादीच्या त्या टोकाला काही अडचण नव्हती. अडचण अलीकडच्या टोकाला होती. डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकवणे, गोठवणे, वाळवणे, बाजारात खपवणे, साठवणे ही सात कामे निर्विवाद. आठवे ‘पॅकिंग’. मग शेवटी जे ‘डिस्ट्रिब्यूशन’ येते ते नववे काम आहे की आठव्याचेच कारण? चालक माल वाटत होते, पॅकिंग करत नव्हते. ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे स्वतंत्र काम असेल तर चालक वगळलेले, म्हणजे ओव्हरटाइम नाही. ते पॅकिंगच्या पोटात असेल, म्हणजे ‘पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी केलेले पॅकिंग’ असे एकच काम असेल, तर ज्यांनी पॅकिंगला हात लावला नाही त्यांना ओव्हरटाइम मिळायलाच हवा.

वर्गात मी ही ओळ फळ्यावर लिहितो आणि विचारतो, ‘डिस्ट्रिब्यूशन’ नाम आहे का? सगळे हो म्हणतात. मग विचारतो, कोणत्या नामसमूहातले? आता वर्ग गप्प होतो. या गप्प होण्याला कारण आहे. आपल्याला शाळेत नाम शिकवले ते एकेकटे. व्यक्तीचे, स्थळाचे, वस्तूचे किंवा गुणाचे नाव म्हणजे नाम. चार वाक्ये दिली की त्यातली नामे अधोरेखित करा, दोन गुण मिळवा. ही व्याख्या चुकीची नाही, पण अपुरी आहे. ‘शिपमेंट’ ही वस्तूही आहे आणि क्रियाही. तिला व्यक्ती-स्थळ-वस्तूच्या कोणत्या खणात टाकणार? इंग्रजीत शब्द नाम आहे की नाही हे त्याच्या अर्थावरून कळते त्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांवरून जास्त कळते. मागे ‘द’ किंवा ‘अ’ आहे का, ‘फॉर’, ‘इन’, ‘विथ’सारखे शब्दयोगी त्याला खांद्यावर घेऊन उभे आहे का, पुढे ‘ऑफ’ची शेपटी लागली आहे का.

आणि नाम सापडले तरी अर्धेच काम होते. नाम हे एका घोळक्याचे डोके असते. ‘द ओल्ड मिल्क ट्रक बिहाइंड द डेअरी’ या घोळक्यात ट्रक, मिल्क आणि डेअरी अशी तीन नामे आहेत, पण डोके एकच: ट्रक. ‘मिल्क’ नाम असून इथे विशेषणाची चाकरी करते आहे, ‘डेअरी’ मागच्या शेपटीत आहे. पूर्ण घोळक्याच्या जागी ‘इट’ ठेवा, वाक्य चालते. हे ‘इट’ ठेवून पाहणे ही नामसमूहाची सर्वांत खात्रीची चाचणी. जेवढा तुकडा ‘इट’ने एकगठ्ठा उचलला जातो, तेवढा नामसमूह.

मराठी माणसाची पंचाईत शेपटीपाशी होते. मराठीत नामाचा सगळा लवाजमा डावीकडे असतो: ‘डेअरीच्या मागे उभा असलेला दुधाचा जुना ट्रक’. डोके शेवटी येते आणि ते आले की समूह संपला, प्रश्न मिटला. इंग्रजीत डोके मध्येच येऊन जाते आणि त्यानंतर शेपटी सुरू होते. ती कुठे संपते हे सांगणारा शब्द नसतो. ऐकणाऱ्याने अदमास घ्यायचा. मेनच्या त्या ओळीत नेमके हेच झाले. ‘पॅकिंग’ हे डोके, ‘फॉर’पासून शेपटी सुरू. ती ‘शिपमेंट’वर तुटली की ‘डिस्ट्रिब्यूशन’ला गिळून पुढे गेली?

फळ्यावर मी कंस घालून दाखवतो. कंपनीचे वाचन:

[पॅकिंग फॉर शिपमेंट] ऑर [डिस्ट्रिब्यूशन]

चालकांचे वाचन:

[पॅकिंग फॉर [शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन]]

शब्द तेच, क्रम तोच. पहिल्यात ‘ऑर’ हे उभयान्वयी दोन कामांना जोडते, दुसऱ्यात ते ‘फॉर’च्या खांद्यावर बसलेल्या दोन नामांना जोडते. ‘शिपमेंट’नंतर एक स्वल्पविराम असता तर शेपटी तिथे कापली गेली असती. म्हणून स्वल्पविरामाच्या नावावर बिल फाटले.

‘-इंग’ची साक्ष

चालकांच्या वकिलांनी हातात घेतलेला पहिला पुरावा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो शुद्ध व्याकरणाचा आहे. यादीतली कामे पाहा: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्रायिंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग. आठही शब्द ‘-इंग’वाले. आपल्या व्याकरणात ज्याला धातुसाधित नाम म्हणतात त्या जातीचे. जे जे वगळायचे काम, ते ते ‘-इंग’ लावून आले आहे. ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ या दोघांना मात्र ‘-इंग’ नाही. दोघे वेगळ्या साच्यातले आणि एकमेकांशी जुळणारे. मग दोघे एकाच बाकावर, ‘फॉर’च्या बाकावर, बसलेले मानणे सरळ नाही का? कायदा लिहिणाऱ्याला ‘वाटप’ हे नववे काम म्हणायचे असते तर त्याने ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ लिहिले असते. एकाच यादीत बसणारे शब्द एकाच साच्याचे असावेत, हा इंग्रजी लेखनाचा शिष्टाचार आहे.

या पुराव्यावर माझी एक बारीक कुरकुर आहे. खटल्यात आणि बातम्यांतही बोलणे असे झाले की जणू ‘कॅनिंग’ हे अर्धे क्रियापद आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे पक्के नाम. या ओळीत ते तसे नाही. ‘-इंग’चे शब्द इंग्रजीत दोन तऱ्हेने वावरतात. ‘क्विकली कॅनिंग व्हेजिटेबल्स’ म्हटले की ते क्रियापदासारखे वागते: थेट कर्म घेते आणि क्रियाविशेषण चालवून घेते. ‘द क्विक कॅनिंग ऑफ व्हेजिटेबल्स’ म्हटले की ते पूर्ण नाम होते: मागे ‘द’ येतो, क्रियाविशेषण जाऊन विशेषण येते आणि कर्माला ‘ऑफ’च्या दारातून आत यावे लागते. मराठीत हा फरक आपण रोज करतो. ‘घर झटपट बांधणे’ आणि ‘घराची झटपट बांधणी’. पहिल्यात घर कर्म आहे, दुसऱ्यात घराला षष्ठी लागली. मेनच्या ओळीत सुरुवातीला ‘द’ आहे आणि शेवटी ‘ऑफ’. म्हणजे आठही ‘-इंग’ बांधणीच्या जातीचे आहेत, बांधण्याच्या नव्हे. सगळी नामेच. एक टोपी, एक शेपटी आणि मध्ये आठ किंवा नऊ डोकी.

याने चालकांचा मुद्दा पडत नाही, पण हलका होतो. शब्दांची जात एक आणि साचा तेवढा वेगळा, असा तो मुद्दा उरतो. ‘द स्टोअरिंग अँड डिस्ट्रिब्यूशन ऑफ मिल्क’ हे कानाला खटकत नाही. इंग्रजीत ‘-इंग’ आणि ‘-शन’ शेजारी शेजारी सुखाने नांदतात. हे मी कोर्टात बोललो असतो तर चालकांच्या वकिलांनी मला बाहेर काढले असते.

कंपनीचे बरे पत्ते

कंपनीकडे तीन पत्ते होते आणि त्यातला एक हुकमी होता.

हुकमी पत्ता ‘ऑर’चा. इंग्रजी यादीत शेवटच्या दोघांच्या मध्ये ‘अँड’ किंवा ‘ऑर’ येते. चालकांचे वाचन धरले तर यादीतले शेवटचे काम ‘पॅकिंग’. मग त्याच्या आधी ‘ऑर’ कुठे आहे? ‘स्टोअरिंग, पॅकिंग’ अशी यादी नुसतीच संपते. जो एक ‘ऑर’ आहे तो ‘फॉर’च्या पोटात खर्च झाला. असे उभयान्वयी गाळून भाषणात बोलतात, कवितेत लिहितात. कायद्यात कोणी लिहीत नाही. मी वर्गात मत घेतो तेव्हा हा मुद्दा मांडल्यावर बरेच हात कंपनीच्या बाजूने वर जातात. माझाही गेला असता. ओळ लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात वाटप हे वेगळे काम होते, असे मला वाटते.

दुसरा पत्ता पुनरुक्तीचा. कायद्यातला कोणताही शब्द फुकट मानू नये, असा अर्थ लावण्याचा जुना नियम आहे. कंपनी म्हणाली, पाठवणी आणि वाटप एकच. दोन्ही ‘पॅकिंग’खाली घातले तर एक शब्द वाया गेला. चालकांनी उत्तर दिले ते व्यवहारातले होते. माल तिऱ्हाईत वाहतूकदाराच्या हवाली करणे म्हणजे ‘शिपमेंट’ आणि आपल्याच गाड्यांनी, आपल्याच माणसांकरवी पोहोचवणे म्हणजे ‘डिस्ट्रिब्यूशन’. दोन्हींसाठी खोकी भरावी लागतातच. ट्रान्सपोर्टमध्ये काम केलेल्या कोणालाही हा फरक पटेल.

तिसरा पत्ता सरकारी होता. मेनच्या विधिमंडळाची कायदे लिहिण्याची स्वतःची नियमपुस्तिका आहे आणि ती यादीतल्या शेवटच्या ‘अँड’-‘ऑर’आधी स्वल्पविराम देऊ नका असे सांगते. तेव्हा स्वल्पविराम नाही म्हणून वाटप वेगळे नाही, असे म्हणताच येणार नाही. तो नियमानेच गाळला आहे. पण हीच पुस्तिका पुढे इशाराही देते की यादीतल्या एखाद्या घटकाला शेपटी असेल तर सांभाळा, घोटाळा होईल. इथे ‘पॅकिंग’ला ‘फॉर’ची शेपटी होती आणि कोणी सांभाळले नाही.

निकाल

खालच्या कोर्टाने कंपनीचे वाचन उचलले. चालक अपिलात गेले. बॉस्टनच्या फेडरल अपील कोर्टाने १३ मार्च २०१७ रोजी निकाल फिरवला. न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांच्या निकालपत्राची सुरुवात अशी: एका स्वल्पविरामाअभावी हा खटला आपल्यापुढे आला. लोकांनी ते वाक्य उचलून धरले आणि बाकीचे निकालपत्र वाचायचे राहिले. बाकीच्यात बरेचसे आपण वर केले तेच आहे: कोणते नाम कोणाखाली, ‘-इंग’ कुठे आहे, ‘ऑर’ काय जोडते. चालकांचे वाचनच बरोबर, असे कोर्ट म्हणाले नाही. ते म्हणाले की दोन्ही वाचने उभी राहतात, व्याकरणाने कोंडी फुटत नाही. आणि कोंडी असली की मेनमध्ये ओव्हरटाइमच्या कायद्याचा अर्थ कामगाराच्या बाजूने उदारपणे लावायचा, अशी रीत आहे. चालक जिंकले ते या रीतीमुळे. व्याकरणाने त्यांना तिथवर आणून सोडले.

विद्यार्थ्यांना हा शेवट आवडत नाही. त्यांना उत्तर हवे असते: शेवटी बरोबर कोण? नामसमूहाच्या परीक्षेत एका ओळीचे एकच उत्तर असते, अशी सवय लागलेली असते. पण काही ओळींना खरोखरच दोन हाडांचे सांगाडे असतात. ‘व्हिजिटिंग रिलेटिव्ह्ज कॅन बी टायरसम’ घ्या. कंटाळा नातेवाइकांकडे जाण्याचा की घरी आलेल्या नातेवाइकांचा? एका वाचनात डोके ‘व्हिजिटिंग’, दुसऱ्यात ‘रिलेटिव्ह्ज’. कंटाळा तेवढा दोन्हींत समान.

भाषांतर करायला घेतले तर

यानंतर मी वर्गाला ती ओळ मराठीत करायला सांगतो. इथे खरी गंमत आहे. मराठीत विभक्ती आहे, शब्दयोगी नामाच्या मागून येते, सामान्यरूप होते. तेव्हा हा घोळ आपल्याकडे होणारच नाही, असे हुशार मुलांना वाटते. अर्धे खरे आहे. ‘रवानगीसाठी बांधणी किंवा वितरण’ लिहिले की कंपनी जिंकली. ‘रवानगीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ लिहिले की चालक जिंकले. भाषांतरकाराला मधे उभे राहता येत नाही, त्याला आधीच न्यायाधीश व्हावे लागते. इंग्रजीतली संदिग्धता जशीच्या तशी मराठीत नेण्याची सोयच नाही, असे सगळ्यांना वाटू लागते.

मग एक जण हमखास लिहितो: ‘साठवण, रवानगी किंवा वितरणासाठी बांधणी’. प्रत्यय फक्त शेवटच्या नामाला. आपण सर्रास असेच लिहितो; ‘पुणे व नाशिकमधील’ म्हणतो, ‘पुण्यातील व नाशिकमधील’ कोण म्हणत बसतो? आता ही ओळ नीट वाचा. ‘रवानगी’ कोणाची? ‘-साठी’ तिच्यापर्यंत मागे पोहोचते का, की ती साठवणीसारखी स्वतंत्र काम आहे? घोळ परत आला, पण आरशात उलटा होऊन. इंग्रजीत शेपटी उजवीकडे, म्हणून लोंबकळले ते शेवटचे नाम, ‘डिस्ट्रिब्यूशन’. मराठीत लवाजमा डावीकडे, म्हणून लोंबकळते ते आधीचे नाम, ‘रवानगी’. मराठी भाषांतरावर खटला उभा राहिला असता तर वाटणारे चालक निर्धास्त असते आणि फक्त रवानगी खात्यातली माणसे कोर्टात गेली असती.

सरकारी परिपत्रकात ‘शाळा व महाविद्यालयातील शिक्षकांना’ असे वाचतो तेव्हा मला आता ही डेअरी आठवते. तिथे शाळा म्हणजे शाळेतलेच शिक्षक, हे आपण जगाच्या ज्ञानावर ताडतो. व्याकरण ते सांगत नाही. शाळेलाही प्रत्यय लावून ‘शाळांतील व महाविद्यालयांतील’ लिहायला किती शाई लागते?

पुढे काय झाले

अपील कोर्टाने खटला संपवला नव्हता, फक्त पुन्हा उघडला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. दाव्यात पुढे असलेल्या पाच चालकांना प्रत्येकी ५० हजार डॉलर ठरले, बाकीची रक्कम इतर चालकांत वाटायची होती.

त्याआधीच मेनच्या विधिमंडळाने ती ओळ दुरुस्त करून टाकली होती. स्वल्पविरामाचा एवढा गाजावाजा झाल्यावर त्यांनी एक स्वल्पविराम घातला असेल असे कोणालाही वाटेल. त्यांनी सगळेच स्वल्पविराम काढून अर्धविराम घातले: ‘द कॅनिंग; प्रोसेसिंग; प्रिझर्व्हिंग; फ्रीझिंग; ड्रायिंग; मार्केटिंग; स्टोअरिंग; पॅकिंग फॉर शिपमेंट; ऑर डिस्ट्रिब्यूटिंग ऑफ’. बातम्यांत या अर्धविरामांची थट्टा झाली. शेवटच्या शब्दाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. ‘डिस्ट्रिब्यूशन’ गेले आणि ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ आले. अर्धविरामाने शेपटी कापली होतीच, तरी त्यांनी नामाचा साचाही बदलला. चालकांच्या वकिलांनी जो ‘-इंग’ कुठे आहे म्हणून विचारले होते, तोच मुकाट्याने आणून बसवला.

आणि या दुरुस्तीने चालकांचे भले झाले नाही. नव्या ओळीत वाटप हे नववे काम आहे, स्वच्छ आणि निर्विवाद. ज्यांनी जुन्या ओळीवर पैसे मिळवले, त्यांच्यामागून नाशवंत माल पोहोचवायला निघालेल्या चालकाला मेनच्या या तरतुदीखाली ओव्हरटाइम मागायला आता ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ यांच्यामध्ये जागाच उरलेली नाही.